नकारावरचा अंगठा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीच्या नर्सिंग प्रवेशासाठी आम्ही आष्टीतल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडं बसलो होतो. मुदत संपत आलेली. पडद्यावर मिळालेल्या जागेसाठी 'स्वीकार' आणि 'नकार' शेजारीशेजारी, आणि बिनवायरच्या माऊसचा बाण मधेच अडे, मधेच उडी मारे. त्यानं सेल तळहातावर चोळले, रिसीव्हर काढून पुन्हा खोचला, माऊस मांडीवर आपटला. मी चिडलो. शेवटी त्यानं माऊस उलटा केला. कालच्या पूजेचं कुंकू खालच्या दिव्यात गेलं होतं. त्यानं ते आधी कपाळाला लावलं, मगच सदऱ्यानं पुसलं.

"दाबा ताई," तो लेकीला म्हणाला आणि पडद्यावरच्या 'नकार'वर त्यानं अंगठा ठेवला. "मी धरून राह्यलो. तिकडं जाऊ देत न्हाई."

काचेवरच्या अंगठ्यानं बाण अडत नसतो, हे मला कळत होतं. तरी प्रवेश पक्का झाल्याचं दिसेपर्यंत मीच म्हणत होतो, "भाऊ, घट्ट धरा."