दोन्ही वाड्यांचे आरोनदादा

मुंबई-गोवा हायवेवर खांब गावाच्या पुढे आत वळलं की आमचं गाव. वरची वाडी आणि खालची वाडी, मध्ये आरोनदादांचं घर. दादा सुतार. दोन्हीकडच्या दारांच्या चौकटी त्यांच्याच हातच्या, म्हणून दोन्हीकडे चहाचा मान. गावातले बाकीचे यहुदी केव्हाच इस्रायलला गेले होते. त्र्याण्णव साली दादांची मुलगी शीरा गेली आणि तिच्या बाळंतपणासाठी मिरियमवहिनीही. हातातली कामं उरकून दादांनी मागून जायचं, असं ठरलं होतं.

तेवढ्यात चौऱ्याण्णवचा शिमगा आला. पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची, यावरून आमच्या शहाण्यांनी एकमेकांची डोकी फोडली. देव पालखीत बसून बघत होता, त्याला कुणी विचारलंही नाही. खालच्या वाडीच्या काळुरामचा डोळा दगडाने गेला.

मग सरकार जागं झालं. अशा गावांसाठी योजना निघाली. शांतता समिती नेमा, बैठका घ्या, अनुदान मिळेल. त्यातून पालखीच्या वाटेवर दिवे लागणार, शिमग्याला होमगार्ड येणार. फक्त अध्यक्ष दोन्ही वाड्यांबाहेरचा हवा. असा माणूस गावात एकच होता.

"दादा, एक वर्साचाच प्रश्न हाय," वरच्या वाडीचा हिरामण म्हणाला. दादा पडले भिडस्त. हो म्हणून बसले.

पुढचा शिमगा सुरळीत पार पडला. दादांनी तिकीट काढलं आणि निघण्याआधी यहुदी रीतीप्रमाणे एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मालिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. प्रार्थनेला पेणहून नातेवाईक आले. मालिद्याचं ताट एकच असतं, ते काही वाड्यांप्रमाणे मांडता येत नाही. म्हणून दादांनी सगळ्या गावाला एकाच वेळी बोलावलं. प्रसादाला नाही कोण म्हणणार? सगळे आले, मांडीला मांडी लावून बसले. दादा चालले म्हणून काहींचे डोळेही भरले.

नेमके त्याच दुपारी जिल्ह्याचे साहेब समितीच्या तपासणीला आले. कागदावरची शांतता त्यांनी पुष्कळ पाहिली असेल. इथे तर काळुराम हिरामणला केळं सोलून देत होता. साहेबांना वाटलं, हा समितीचाच कार्यक्रम. ते खूश होऊन म्हणाले, "अजून तीन वर्षं अनुदान चालू ठेवतो. पण अध्यक्ष हेच पाहिजेत. हे बदलले की बंद."

"साहेब, मी तर परवा..." दादा बोलायला लागले, पण टाळ्यांत ते विरून गेलं. साहेब गेल्यावर काळुरामची बायको सगुणा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, दिवे गेले तर पुन्ना दगड येतील. ह्यांना आता एकच डोला उरलाय."

दादांनी तिकीट परत केलं. मला अजून संताप येतो. वाड्यांनी आपापसात समजुतीने घेतलं असतं तर दिवेही नको होते आणि दादाही नको होते. पण आम्हाला शहाणपण आयतं लागतं.

कोलाडच्या नाक्यावर माझा फोनचा बूथ होता. वहिनींचा फोन तिथेच यायचा. आवाज खणखणीत, न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू यायचा.

"अहो, नातू बोलायला लागला. कधी येताय?"

"हा शिमगा झाला की."

"मागच्या वेळीही शिमगाच होता."

दादांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांची भांडणं तुम्ही मिटवता. आता आपलं मिटवायला मी कोणाला बोलावू, तेवढं सांगा."

तिकडून फोन ठेवल्याचं मलासुद्धा कळलं, तरी दादा रिसीव्हर कानाला लावून उभेच. बाहेर हिरामण मोटारसायकल सुरू ठेवून त्यांची वाट बघत होता.

"दादा, चला की. दोनी वाड्या बसल्यात, तुमच्याबिगर कोन तोंड उघडत नाय."

दादांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि त्याच्या मागे जाऊन बसले.