राहतं घर

सोलापुरातल्या त्या घराची आठवण आली की आजही अंगावर काटा येतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. एके सकाळी एक गिरणी कामगार तक्रार घेऊन आला.

"साहेब, आमची राहती घरं हायती. शेजारची बाई आठवड्याच्या बोलीनं खोल्या देती. लॉजच की ह्यो!"

हे काम महापालिकेचं होतं. तरी एका हवालदाराला घेऊन मी गेलो. घरमालकीण विधवा, पूर्वी सुईणपण करायची. मी परवान्याचं विचारताच ती फणकारली, "दवाखान्यात येणाऱ्यांना आसरा देते मी. हे घर आहे, लॉज नाही. घरच्या पाहुण्यांची वर्दी कुणी ठाण्यात देतं का?"

कायद्याने तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मी निघालोच होतो, तेवढ्यात परसातल्या दोरीवर तान्ह्या बाळाची ओली दुपटी दिसली. आतल्या खोलीत दुधनीकडची, नुकतीच बाळंत झालेली एक मुलगी निजली होती. बाळ कुठेच नव्हतं.

"मेलेलं जन्मलं हो," मालकीणच घाईने म्हणाली.

मग दुपटी कुणाची?

तिला ठाण्यात आणलं. बराच वेळ ती एकच उत्तर देत राहिली. शेवटी मी म्हणालो, "चला, पुरलंय ती जागा दाखवा. पंच बोलावतो."

तेव्हा कुठे ती कबूल झाली. "जिवंत आहे साहेब. मोहोळला दिलं, मूल नसलेल्या घरात. पोरीच्या बापानंच सांगितलं होतं."

बापानेच?

त्याच दिवशी बाळ ताब्यात घेतलं आणि त्या मुलीजवळ दिलं. ती रडली नाही. म्हणाली, "म्या रडनं ऐकलं व्हतं. बाई म्हनली, शेजारचं लेकरू हाय."

माझ्याबरोबरचा हवालदार तोंड फिरवून बाहेर गेला.

बाप न्यायला आला तेव्हा ती एवढंच बोलली, "आबा, आमी दोघं हाय. दोघास्नी न्हेनार असशील तर येते." तो एकटाच परत गेला. पुढे मावशीने मायलेकरांना सांभाळलं.

आईला फसवून मूल परस्पर दिल्याबद्दल मालकिणीला शिक्षा झाली. खटल्यात वकील मात्र ते राहतं घर की धंद्याची जागा, यावरच तासन्तास भांडले. लॉजची झडती आम्ही वरचेवर घ्यायचो. तुळशीवृंदावन असलेल्या घरात पाऊल टाकताना आम्हीच संकोचायचो. नेमका त्याच संकोचाचा त्या बाईने आडोसा केला होता. त्यानंतर अशी तक्रार आली की परवान्याचं मी मागाहून विचारत असे. आधी आत जाऊन, तिथे राहणाऱ्या माणसाशी एकांतात बोलत असे.