तळ्यांच्या गावात वाळूचा पडदा

आमच्या टाउनशिपमधल्या जुन्या मराठी घरांचे आल्बम उघडलेत तर तुम्हाला वाटेल, ही सगळी माणसं वाळवंटात राहायची. बारशाचं बाळ वाळूत, नवरानवरी वाळूत, मॅट्रिक पास झालेला मुलगा हातात सर्टिफिकेटाची गुंडाळी घेऊन वाळूत, आणि मागे आभाळाच्या कडेला उंटांची रांग. भोपाळ तर तळ्यांचं गाव. पण आमच्या मार्केटात फोटो स्टुडिओ एकच होता, आणि स्टुडिओत पडदाही एकच.

स्टुडिओ चालवायचे दोघे मारवाडी बापलेक. जैसलमेरच्याही पलीकडल्या कुठल्याशा गावचे. कारखाना उभा राहत होता, येणाऱ्या प्रत्येकाला गेटपाससाठी फोटो लागायचा, म्हणून मुलगा इथे आला आणि त्याच्या मागून बाप. गेटपासचे फोटो मुलगा काढायचा. त्यात चांगले चांगले इंजिनिअर भुरट्या चोरासारखे दिसायचे. घरगुती फोटो मात्र म्हातारे बाबा स्वतः काढत, तिकाटण्यावरच्या लाकडी कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं खुपसून. वाळूचा पडदा त्यांनीच रंगवलेला.

लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा माझी अशी समजूत होती की मी काहीतरी विशेष आहे. नवरा इंजिनिअर, क्वार्टरपुढे स्वतःची बाग, दारात कारखान्याची बस. जोडीने पहिला फोटो काढायला निघाले ती तशाच थाटात. डोळ्यांवर काळा गॉगल, डोक्याला रेशमी स्कार्फ आणि खांद्याला थर्मास. थर्मास तेव्हा फॅशनमध्ये होता.

"त्यात काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग घेतलायस कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं."

अजूनही कळलेलं नाही त्यांना. मलाही नाही.

त्या फोटोची एक प्रत मी आईला धाडली. पत्रं तर मी आधीपासूनच धाडत होते, आणि त्यात लाड करून घ्यायला काहीबाही लिहीत होते: इथे ऊन असं की जीव नको होतो, नळाला पाणी येतं तेवढ्यापुरतंच येतं, ओठ फुटले. आईने पत्रं आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि तिला सगळं उमगलं. गॉगल कशाला, तर वाळूच्या वादळासाठी. स्कार्फ कशाला, तर वाळू केसांत जाऊ नये म्हणून. आणि थर्मास? आपली पोरगी घोटभर पाणी छातीशी धरून हिंडते आहे. आई बिचारी कोणाजवळ बोलली नाही. रोज देवाला सांगत राहिली असणार.

हे मला कळलं ते धाकट्या बहिणीच्या लग्नाचं निघालं तेव्हा. ह्यांच्याच सेक्शनमध्ये वर्ध्याकडचा एक मुलगा होता. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या वरणाला नावं न ठेवता दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, एवढ्यावरून मी ओळखलं की मुलगा सज्जन आहे. दिवाळीत आमच्याबरोबर नागपूरला आला, तिथे धाकटीने त्याला पाहिलं, त्याने तिला पाहिलं, आणि दोघंही एकदम करंज्यांकडे पाहू लागली. मला तर ती इथे यायलाच हवी होती. ह्या परक्या गावात भांडायला हक्काचं माणूस नव्हतं मला.

आईचं उत्तर आलं: 'मुलगा चांगला आहे, पण एक पोरगी वाळवंटात दिली तेवढं पुरे झालं. धाकटीला मी पाण्याच्या गावात देईन.'

हे इतके हसले की उचकी लागली. मग त्यांनी स्वतः लिहिलं, की इथला मोठा तलाव एवढा आहे की पलीकडचा काठ धड दिसत नाही. त्यावर आई माझ्या बाबांना म्हणाली म्हणे, "जावई तं लिहिनच तसं. त्याले नोकरी टिकवायची आहे." धाकटीने मला वेगळं पत्र टाकलं: 'ताई, उंटावर बसून यावं लागलं तरी येईन, पण आईला समजव.'

मी तरातरा स्टुडिओत गेले.

"बाबा, तुमच्या त्या वाळूने माझ्या बहिणीचं लग्न अडलंय. मला मागे तळं पाहिजे."

बाबांची हिंदी अर्धी मारवाडी होती. मला ते 'बींदणी' म्हणायचे, म्हणजे सूनबाई. "तळं बाहेर आहे, बींदणी. बस पकड आणि जाऊन बघ."

"मग कॅमेरा घेऊन तुम्ही चला."

"बाहेर माझे आजोबा जायचे. मी त्यांच्या गोष्टी ऐकूनच दमलोय."

मीही फार ताणलं नाही. तलावावर वारा असतो, आणि केसांचा फुगा बसवायला मला तेव्हा सगळी सकाळ लागायची. त्यापेक्षा बाकावर बसून आजोबांच्या गोष्टी ऐकल्या.

आजोबा म्हणजे त्या मुलखातले पहिले फोटोवाले. एका दरबारात कॅमेरा उचलायला लागले आणि उचलता उचलता शिकले. पुढे स्वतःचा कॅमेरा झाल्यावर उंट घेऊन वाळूतल्या वस्त्यांवरून हिंडायचे. एका उंटावर कॅमेरा आणि काचा, एकावर अंधाऱ्या खोलीचा तंबू, आणि बाकीच्यांवर नुसतं पाणी. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काचेला औषध लावायचं, ती ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच तंबूत पळवत नेऊन धुवायची. त्या उन्हात काच वाटेतच वाळायची, नाहीतर वर वाळू बसायची. विहिरीचं पाणी खारं, त्याने धुतलं की चेहऱ्यांवर पांढरे डाग. म्हणून शेवटचं धुणं गोड्या पाण्याचं, लांबून पखालींतून आणलेल्या. एक म्हातारी ते पाहत उभी होती. ती म्हणाली, "काचेला कधीपासून तहान लागायला लागली रे?"

बायका घुंगट ओढूनच बसायच्या. फोटो आला की घरचे बांगड्यांवरून ओळखायचे, ही थोरली सून, ही धाकटी. एकदा दोन जावांनी गुपचूप बांगड्या बदलल्या. तो फोटो अजूनही थोरलीच्या भिंतीवर आहे, म्हणाले, आणि त्यात आहे धाकटी. ह्या दोघी मला फार आवडल्या.

वडिलांच्या काळात तयार काचा आल्या, मग फिल्म आली, पाण्याचे उंट गेले. वडील फोटोवर हाताने रंग भरायचे. पगडीला जो लाल तोच ओठांना. मग लागोपाठ दुष्काळ पडले, दरबारही उरले नाहीत, आणि फोटो काढून घेणारी माणसंच गाव सोडून गेली. मागोमाग हे दोघे बापलेक.

"आजोबा पडदा लावायचे?" मी विचारलं.

"लावायचे तर. पडद्यावाचून फोटो कसला?"

"पण मागे खरी वाळू होतीच की."

"म्हणून तर पडदा. वाळूत जन्म काढलेल्याला वाळू काय दाखवायची? घरात नाही ते मागे पाहिजे. त्यांना तळं लागायचं." मग पडद्याकडे हात करून म्हणाले, "आणि मला इथे ही लागते."

मी बाकावरून उठलेच. "तो तळ्याचा पडदा कुठाय?"

पेटीत होता. डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट उलगडला. निळंशार पाणी, त्यावर लाटा, लाटांवर पांढरे हंस. मी हुरळून गेले. एक गोष्ट मात्र मला दिसली नाही. तो रंगवणाऱ्या माणसाने जन्मात तळं पाहिलेलं नव्हतं. लाटा म्हणून त्याने वाऱ्याने वाळूवर उमटतात तशा रेघा काढल्या होत्या. हंसही त्याने पाहिला नव्हता. लांब मानेचं जनावर त्याला एकच ठाऊक होतं.

बाबांनी फडक्याआडून एकदा विचारलं, "हाच ना, नक्की?"

"हाच," मी म्हणाले आणि हनुवटी उचलली. थर्मास होताच खांद्याला.

फोटो काळापांढरा निघणार, हे इंजिनिअरच्या बायकोच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हाताऱ्या बाबांना तो फार आवडला. लहानपणापासून तळं म्हणून त्यांनी तेच पाहिलेलं. माझ्या डोळ्यांत निळा रंग भरलेला होता, म्हणून मलाही त्यात पाणीच दिसलं. आईच्या डोळ्यांत काही भरलेलं नव्हतं. तिने लिहिलं: 'आता तर उंटाची पिल्लंही तुझ्या मागे बसलेली दिसतात. आम्ही येतो.'

आणि आले दोघं. माझ्या बाबांच्या हातात बॅग, आणि आईच्या कडेवर, तान्हं मूल घ्यावं तशी, नागपूरहून भरून आणलेली सुरई. गाडीत तिने त्यातलं थेंबभर पाणी कोणाला दिलं नाही. माझ्यासाठी आणलं होतं ना.

हे त्यांना स्टेशनवरून सरळ तलावावर घेऊन गेले. आई काठावर उभी राहिली. पाण्याकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं, मग पुन्हा पाण्याकडे.

"हे सारं गोडं आहे?"

"हो, आई."

"अन् तू लिहत होती ओठ फुटले."

बाबा तलावाकडे तोंड करून हसत होते. आईने सुरई माझ्या हातात दिली. "प्यायचं आता. एवढ्या लांबून आणलं आहे." तेवढ्या मोठ्या तलावाच्या काठी उभी राहून मी नागपूरचं पाणी प्यायले, संपेपर्यंत.

संध्याकाळी वर्ध्याकडच्या मुलाला जेवायला बोलावलं. आईने वाढलं, त्याने दुसऱ्यांदा वरण मागितलं, आणि मुखवासाची सुपारी कातरता कातरता लग्न ठरलं. धाकटी आता इथेच, भोपाळच्या अवधपुरीत राहते. रोज फोन करून भांडते.

आईबाबा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही फोटो काढायला गेलो. स्टुडिओतल्या म्हाताऱ्या बाबांनी आईला दोन्ही पडदे दाखवले आणि कोणता लावू विचारलं. मला वाटलं, आता ही ते निळं तळं मागणार.

"तळं पाह्यलं न मी," आई म्हणाली. "नागपुरातही तळी आहेत. ती वाळूच लावा, बाप्पा." मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. "अन् तुझा तो चष्मा दे. डब्बाही दे."

अजूनही तो फोटो माझ्याकडे आहे. लुगडं नेसलेली माझी आई, डोळ्यांवर काळा गॉगल, खांद्याला थर्मास, मागे उंट. शेजारी बाबा, टोपी सरळ करत. म्हातारे बाबा काळ्या फडक्यात शिरणार तेवढ्यात आई थांबा म्हणाली. थर्मास कानाशी नेऊन हलवला, झाकण उघडून आत पाहिलं.

"हा तं रिकामा आहे," ती म्हणाली. "जा, पाणी भरून आण. रिकामा डब्बा खांद्याला लावून कोणी हिंडते काय?"