चंद्रावरचा उथळ खड्डा

पुण्याला पुढं खगोलशास्त्र शिकायचं म्हटल्यावर भडगावच्या घरी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, केळीचे बागायतदार. ते एवढंच म्हणाले की आकाशात एवढं काय आहे ते आधी मला दाखव, मग ठरवू. माझा जीव टांगणीला लागला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला मेहरूणमध्ये मावशीकडे राहून कॉलेज करत होते. कॉलेजची दुर्बीण मागून आणली, नानांना तिथं बोलावून घेतलं आणि दिवेलागणीला मावशीच्या गच्चीवर अर्धा चंद्र धरला. दाखवायला निवडला उजेड-अंधाराच्या सीमेवरचा एक उथळ खड्डा. चांगले मोठे, खोल खड्डे सोडून हाच का, ते मला आजही सांगता येत नाही. शहाणपणा नडला, दुसरं काय.

नानांनी बराच वेळ पाहिलं. शेताला पाणी सोडण्याआधी ते मावळतीच्या उन्हात वाकून जमीन बघत. सावली सूर्याकडच्या कडेला असली तर खोलगट, पलीकडे असली तर उंचवटा. सूर्य आत्ताच आमच्या उजव्या हाताला मावळला होता आणि सावली दिसत होती डावीकडे.

"हाऊ खड्डा नई, पोरी. उंचवटा शे," ते म्हणाले.

दुर्बिणीत उजवं डावीकडे जातं, म्हणजे तो खड्डाच, हे मी शिकले होते. पण जमिनीच्या बाबतीत नानांची नजर कधी चुकली नव्हती. पुन्हा डोळा लावला तर मलाही उंचवटाच दिसला. पापणी लवली की खड्डा, पुन्हा उंचवटा. माझं डोकंच चालेना. नीट बघून सांगते असं मी म्हणाले आणि नानांना थांबवून घेतलं.

दोन दिवसांनी बघितलं तर तिथं काहीच नव्हतं, नुसतं सपाट पांढरं रान. ऊन चढलं की उथळ खड्ड्यातली सावली संपते आणि तो दिसेनासा होतो, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मात्र रडूच फुटायचं बाकी होतं.

"परवा व्हता ना? मंग आज कोठे गया?" नानांनी विचारलं.

थाप मारावी असं मनात येऊन गेलं. पण सरळ सांगितलं की मला माहीत नाही. आता पुणं संपलं, असंच वाटलं.

त्यांनी पुन्हा डोळा लावला, मग नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडे बघत राहिले. जिना उतरताना मधेच थांबले.

"माले बी समजनं नई," ते म्हणाले. "तू जाय पुण्याले. समजनं का, पयले माले येईसन सांग."