ध्यान ठेवजो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि दोंडाईच्याच्या बहिणीलाही नाही — जिला मी एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते.

मी रोज सकाळी योगा करते. आमच्या चोपड्याच्या घरात मधल्या खोलीला खिडकी नाही, वर एक झरोका आहे. दिवा लावत नाही. येईल तेवढा उजेड, खाली सतरंजी, दार लोटलेलं. चार आसनं होतात न होतात की मी शवासनात. खरं सांगू? आसनांसाठी मी योगा करतच नव्हते. तेवढा वेळ कुणी चहा मागत नाही, कुणाचा टॉवेल सापडत नाही असं होत नाही — त्यासाठी करत होते. शवासनात माणसाला हाक मारायची नसते, हा नियमही मीच काढलेला.

नवरा केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. गाड्या भरायच्या म्हणून उजाडायच्या आत निघतो. निघताना रोज एकच वाक्य, “अक्काकडे ध्यान ठेवजो.” अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे ध्यान ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं. मी हो म्हणायचे, दार लोटायचे आणि माझ्या ध्यानाला बसायचे. बसायचे कसली — आडवी व्हायचे.

काही वर्षांपूर्वीची, हिवाळ्यातली सकाळ. पलीकडच्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, “सुमन, जरा ये वं. मले हात दे.”

आवाज मोठा नव्हता, पण आमचं घर ते केवढं? मला स्पष्ट ऐकू आलं. थंडीत त्यांचे गुडघे आखडतात, उठायला आधार लागतो, हेही माहीत होतं. माझे डोळे उघडे होते. झोप नव्हती, ध्यान तर नव्हतंच. पुन्हा हाक आली. मी हलले नाही. राग आला होता — एवढासा वेळ माझा, तोही मिळू नये? म्हटलं, थांबतील.

त्या थांबल्या नाहीत. आधी तांब्या पडल्याचा आवाज आला, मग त्यांचा.

खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर आहे, तो आता सुटायचा नाही.

दवाखान्यात नवऱ्याने अक्कांना विचारलं, हिला हाक नाही का मारलीस? मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाल्या, “मारी व्हती ना. पन तिले आयकूच उनं नही. ती ध्यानमा व्हती.” मी नुसती मान हलवली. खोटं बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

बरं, एवढ्यावर थांबलं का? भेटायला येईल त्या बाईला अक्का कौतुकाने सांगायच्या, “मन्ही सूननं ध्यान लागनं का ढोल वाजा तरी तिले आयकू येत नही.” त्यावरून गल्लीतल्या दोघीतिघी माझ्याकडे योगा शिकायला यायला लागल्या. अजून येतात. इतकं ध्यान कसं लागतं, म्हणून विचारतात. श्वासाकडे लक्ष द्या, असं मी सांगते.

अक्का दाराशी खुर्चीत बसतात. आम्ही आडव्या झालो आणि कुणी कुजबुजलं, तर त्याच दटावतात. त्या अंधुक खोलीत पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येतं. त्यांची खुर्ची करकरते, तेही. त्यांना कधीचं बाथरूमला जायचं असतं, हे मला कळतं. मी उठू शकते. पण उठले तर मला ऐकू येतं हे या बायांना कळेल — म्हणून उठत नाही. आजही उठले नाही.

मी सतरंजी गुंडाळायला घेतली की अक्का वॉकर जवळ ओढतात. त्याआधी त्या हाक मारत नाहीत.