मंचरच्या दुकानातून मी उठले

घासाघीस करावी तर मीच, असं आमच्या नारायणगावात बोललं जायचं आणि मला ते ऐकायला आवडायचं. कोथिंबिरीच्या जुडीपासून लोखंडाच्या गाडीपर्यंत सांगितलेल्या भावाला मी कधी काही घेतलं नाही. नवरा मात्र अगदी उलटा. दुकानदाराने चहा पाजला की याला त्याचीच कीव यायची. "त्याला बी घर हाये गं," म्हणायचा.

आमचं वर्कशॉप हायवेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. द्राक्षबागांच्या मांडवाला लागणारे लोखंडी अँगल कापायचे आणि तारा ओवायला त्यांना भोकं पाडायची, हे मुख्य काम. मशीनवर नवरा; फोन, गिऱ्हाईक आणि खरेदी माझ्याकडे. मशीन घ्यायला मात्र आम्ही जोडीने जायचो, कारण डीलरपुढे आमचं एक नाटक ठरलेलं होतं. नवऱ्याने मशीन फार आवडल्यासारखं करायचं, हात फिरवायचा, चार प्रश्न विचारायचे. मी पर्स मांडीवर घेऊन आंबट तोंडाने बसायचं. भाव एका जागी अडला असं त्याला वाटलं, की तो मला विचारायचा, "उशीर होतोय का गं?" की मी उठलेच. "चला, आपल्याला न्हाई परवडत." तो बिचाऱ्यासारखा माझ्यामागे. चपला घालेपर्यंत आतून हाक यायचीच, "ओ ताई, बसा तरी!" वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल, सगळं आम्ही असंच घेतलं. नियम एकच होता आणि तो मी घातलेला: दुकानात एकाने दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही. भांडायचं ते घरी येऊन.

भोकं पाडायचा आमचा प्रेस जुना होता. त्याचा क्लच नीट सुटायचा नाही. पायाखालची पट्टी सोडली तरी वरचा ठोकळा कधीकधी आपणहून पुन्हा खाली यायचा. अँगल आत सरकवायला नवऱ्याने एक लाकडी दांडकं केलं होतं, पण सीझनला कामाची घाई झाली की दांडकं बाजूला पडायचं आणि हात आत जायचा. मी ओरडायचे. तो म्हणायचा, "ध्यान असतंय माजं."

नवीन प्रेस त्यानेच मंचरच्या एका डीलरकडे पाहिला. दोन बटणं दोन बाजूंना, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय मशीन खाली यायचंच नाही. घरी येऊन त्याने मला ताटवाटी मांडून ते समजावून सांगितलं. एवढं खूश मी त्याला फार कमी वेळा पाहिलं होतं.

डीलरने साडेचार लाखांपासून सुरुवात केली. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीला गडी चार वीसवर आला. माझ्या मनात चार दहा होते. तो हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्यापुढं आपलं काय चालत न्हाई राव. चार वीस. आता ह्याच्या खाली एक रुपया न्हाई." नवऱ्याने पिशवीतून चेकबुक काढलं. पेनचं टोपण काढलं.

आणि मी उठले.

त्याने उशिराचं काही विचारलं नव्हतं. एवढी वर्षं मनाला समजावून पाहिलं, की विचारलं असेल, मला तसं ऐकू आलं असेल. नाही. तो चेक लिहिणार होता. माझ्या डोक्यात हवा गेली होती, दुसरं काही नाही. तुमच्यापुढं काय चालत नाही म्हटल्यावर मला अजून थोडं चालवून बघायचं होतं.

"चला," मी म्हणाले, "दहा हजार काय वाटंवर पडलेत व्हय?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पेनचं टोपण लावलं. आणि माझ्याच नियमाप्रमाणे मुकाट्याने उठला.

चपला मी मुद्दाम सावकाश घातल्या. हाक आली नाही. रस्ता ओलांडला, नारायणगावच्या जीपमध्ये बसलो, जीप भरली, तरी कुणी आलं नाही. कळंब मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "चार वीसला बरं व्हतं गं."

"दोन-चार दिस थांबा. फोन येतोय का न्हाई बघा."

"बरं," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी सकाळी मी शेडच्या दारात एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते. आतून प्रेसचा ठोका ऐकू आला आणि त्याला लागूनच दुसरा. तो ओरडला नाही. पाणी मागावं तशा आवाजात म्हणाला, "अगं, इकडं ये जरा." उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी माझा फोन वाजला. मंचरचा डीलर. त्याला काहीच माहीत नव्हतं. हसत म्हणाला, "ताई, जिकला तुमी. चार दहा. गाडी कधी पाठवू?"

मी म्हणाले, "पाठवा." दुसरं काय म्हणणार होते?

आत जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "दहा हजार सोडवलंस की गं," म्हणाला. टोमणा नव्हता तो. टोमणा मारणं त्याला येतच नाही. त्याला खरंच माझं कौतुक वाटलं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी तिथेच त्याच्या पायाशी बसून रडले असते. कौतुकाचं काय करायचं ते मला कळेना. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळी थोरले दीर आले. गावाकडची शेती ते बघतात. तोंडाने कडक, पण धाकट्या भावावर फार जीव. हाताचं बँडेज पाहून त्यांचे डोळे भरले आणि मग राग आला. माझ्याकडे वळून म्हणाले, "नवं मशीन ठरलं व्हतं ना? मग अडलं कुठं?"

मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी कॉटवरून नवरा म्हणाला, "दादा, मीच उठलो दुकानातनं. हिला घ्यायचं व्हतं. मीच दहा हजारासाठी अडून बसलो."

दिरांनी त्याला मग जे धारेवर धरलं. "दहा हजारापायी हात घालवलास, येड्या! बायकोचं ऐकाय काय झालं व्हतं?" तो ऐकून घेत होता. कपाळावर घाम आलेला, कण्हणं आवरत अधूनमधून "हां दादा, चुकलंच" म्हणत होता. मी थर्मासमधून चहा ओतत होते. एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

दीर बोलून दमले. चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाले, "तू तरी काय करणार बाई. ल्हानपणापासनं हटवादीच हाये ह्यो."

मी मान हलवली.