करकर कुठून येते

सुनेने, अनघाने, मागचा शॉकअब्सॉर्बर स्वतः बसवला आणि तिची डोंगरात चालवायची सायकल करकरू लागली. "बसवण्यातच चूक झालीय," असं मी घरभर सांगत सुटलो.

आज अंगणात फेऱ्या मारताना तिने पेडल थांबवलं, तरी करकर चालूच. मग ती सीटवरून उठली आणि आवाज बंद झाला! सीटचा दांडा उपसून तिने माती पुसली, ग्रीस लावलं. सायकल मुकाट झाली.

"बाबा, आवाज सांगाड्यातून फिरतो. निघतो एकीकडे, ऐकू येतो दुसरीकडे."

कुणावरही आळ न घेता ऐकत राहणं किती सुंदर असतं! मी मात्र जन्मभर जवळच्या माणसाकडेच बोट दाखवलं.

जेवताना, मुलगा सुहास समोर असताना, मी म्हणालो, "शॉकअब्सॉर्बर अनघाने अगदी नीट बसवला होता."

"बाबा, जरा मोठ्याने. सुहासला ऐकू गेलं नाही."

मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने.